पत्ता उपग्रहाचा, टपाल माणसांचं

जेम्स पेरट हा इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातला, चॅगफर्ड गावचा वाटाड्या. बाहेरगावच्या हौशी मंडळींना दलदल चुकवत डार्टमूरच्या माळावर फिरवून आणायचं, हा त्याचा धंदा. १८५४ साली त्याने क्रॅनमिअर इथे एक बाटली ठेवली. क्रॅनमिअर हा त्या माळावरचा तेव्हाचा सगळ्यात अवघड पल्ला. नावाला तळं, पण पाण्याचा पत्ता नाही; काळ्या भुसभुशीत जमिनीतला एक खोलगट खड्डा. एवढी तंगडतोड करून तिथे पोचलेल्याने बाटलीत आपल्या नावाचं कार्ड टाकायचं आणि परत फिरायचं.

पुढे बाटलीच्या जागी पत्र्याचा डबा आला, मग वही आली. लोक त्यात कार्डंही ठेवू लागले, पत्ता लिहिलेली आणि तिकीट लावलेली. नंतर जो कोणी येईल त्याने ती उचलायची, खाली उतरल्यावर टपालपेटीत टाकायची. तो आठवड्याने येईल की महिन्याने, काही सांगता यायचं नाही. तरी कार्डं पोचत.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझी नोकरी सगळी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये गेली. रात्रीच्या गाडीला जोडलेल्या टपालाच्या डब्यात उभं राहून, गाडीच्या हिसक्यांबरोबर तोल सांभाळत, खणांत पत्रं टाकायची. आमच्याकडे प्रत्येक बंडलावर चेक स्लिप असायची, तिच्यावर सॉर्टरचा ठसा. एखादं पत्र भलतीकडे गेलं की ती स्लिप उलट टपाली परत येई आणि साहेब खुलासा मागत. थैलीला लाखेचं सील, वजनाची नोंद, हातातून हातात देताना सही. एवढा बंदोबस्त करूनही पत्रं हरवत. आणि इथे उघड्या माळावर, ना सील ना सही, एका अनोळखी माणसाचं कार्ड दुसरा अनोळखी माणूस बिनपगारी पोचवत होता.

धाकटी मुलगी एक्सेटरला असते. तिच्याकडे राहायला गेलो असताना नातवाला घेऊन क्रॅनमिअर गाठलं. तो भाग ओकहॅम्प्टनच्या लष्करी गोळीबार क्षेत्रात येतो. गोळीबाराचं वेळापत्रक आधी जाहीर होतं आणि त्या दिवशी टेकड्यांवर लाल निशाणं चढतात, म्हणून दिवस पाहूनच निघावं लागतं. क्रॅनमिअरला आता ग्रॅनाइटची पेटी आहे. ‘वेस्टर्न मॉर्निंग न्यूज’ या वर्तमानपत्राच्या वाचकांनी वर्गणी काढून ती १९३७ साली बसवली. दार उघडलं की आत वही आणि रबरी शिक्का. पुढल्या वर्षी, १९३८ साली, विल्यम क्रॉसिंग या डार्टमूरच्या वाटा लिहून ठेवणाऱ्या लेखकाच्या स्मरणार्थ डक्स पूल इथे दुसरी पेटी झाली. नंतर असे डबे वाढत गेले. माळावर हिंडणाऱ्यांनी स्वतःचे शिक्के कोरून घेतले. डब्यातला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत. शंभर डबे शोधणाऱ्यांचा एक क्लबही आहे. मी वहीत सही केली, खाली सवयीने तारीख आणि वेळही टाकली. नातू म्हणाला, “आजोबा, वेळ कोणी लिहीत नाही.” म्हटलं, नसतील लिहीत. आम्ही लिहितो.

नातवाला मात्र या पेटीपेक्षा त्याच्या फोनमधल्या नकाशाचं अप्रूप जास्त. त्या नकाशावर जगभर ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यापाशी एक दडवलेला डबा. हा जिओकॅशिंगचा खेळ. त्याला तो पेरटच्या बाटलीचा वंशज वाटत नव्हता. मला पाहताक्षणी वाटला, म्हणून त्याचा इतिहास उकरून काढला.

अमेरिकेचे जीपीएस उपग्रह लष्करासाठी सोडलेले. सामान्य माणसाच्या यंत्राला मिळणारा संकेत मुद्दाम बिघडवलेला असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. तेवढ्या अंतरात डबा शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानुसार २००० सालच्या मे महिन्याच्या १ आणि २ तारखांमधल्या मध्यरात्री हा मुद्दाम केलेला बिघाड बंद झाला आणि नेम एकदम दहापटीने सुधारला. ३ मे रोजी ऑरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराने जंगलात एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, व्हिडिओ, गलोल आणि घेवड्याच्या जातीच्या शिजवलेल्या दाण्यांचा एक सीलबंद डबा. जागेचे अक्षांश-रेखांश त्याने उपग्रहांच्या शौकिनांना इंटरनेटवरून कळवले. अट साधी : काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा. तीन दिवसांत दोघांनी बादली शोधली. त्यातल्या माइक टीगने अशा जागांची यादी ठेवायला सुरुवात केली. मे संपायच्या आत मॅट स्टमने खेळाला आजचं नाव सुचवलं. २ सप्टेंबरला जेरेमी आयरिशने जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं, तेव्हा यादीत ७५ डबे होते. आज जगभरात तीस लाखांवर आहेत, अंटार्क्टिकासुद्धा सुटलेला नाही.

अक्षांश-रेखांश पाहून मी खूश झालो, हे कबूल करायला हवं. अंश, मिनिटं आणि मिनिटांचे तीन दशांश. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर जेमतेम दोन मीटर. आमच्या पिन कोडचे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ला आले. ते बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळणेश्वरचे, संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले मोठे अधिकारी. पहिल्या तीन आकड्यांत टपालाच्या छाननीचा जिल्हा, पुढच्या तीनांत वाटपाचं टपाल कार्यालय. पत्त्यावर गाव कुठल्याही लिपीत असो, आकडे वाचता आले की पत्र योग्य खणात. उपग्रहाने हेच केलं, फक्त कार्यालयापाशी न थांबता थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत नेलं.

पण पत्ता सापडला म्हणून टपाल पोचत नाही. खेळाडू एकमेकांना जोडले गेले ते २००१ पासून, ट्रॅव्हल बग आल्यावर. बग म्हणजे सैनिकांच्या गळ्यात असते तशी धातूची पट्टी, तिच्यावर कोरलेला क्रमांक. ही पट्टी एखाद्या खेळण्याला अडकवायची, त्याने कुठे जावं ते लिहायचं आणि जवळच्या डब्यात सोडून द्यायचं. सापडेल त्याने क्रमांक नोंदवून ते पुढच्या डब्यात न्यायचं. पट्टीवरचा क्रमांक गुप्त, तो प्रत्यक्ष हातात वस्तू आलेल्यालाच कळतो. सगळ्यांना दिसणारा क्रमांक वेगळा. रजिस्टर पत्रापेक्षाही ही सोय मला चोख वाटते. पोच ज्याची त्यालाच देता येते.

नातवाने एका सावंतवाडीच्या लाकडी भोवऱ्याला पट्टी अडकवली होती. लाल-हिरव्या लाखेचा भोवरा, मीच नेला होता. उद्देश लिहिला, “कोकणच्या किनाऱ्यावर जायचंय.” पोराच्या फोनवर त्याची वाट रेघेने उमटायची. भोवरा आधी उत्तरेला स्कॉटलंडकडे गेला. नातू हिरमुसला. मी त्याला सांगितलं की आरएमएसमध्येसुद्धा कोल्हापूरचं पत्र कधी कधी आधी मुंबईला जायचं, कारण तिकडची गाडी आधी सुटायची. भोवरा पुढे जर्मनीत उतरला. तिथल्या एका आजीबाईंनी नोंदीत लिहिलं की तो फिरवून पाहिला, छान फिरतो. मग वर्षभर सामसूम. बहुतेक कुणाच्या टेबलाच्या खणात पडला असेल.

तर कोकणात भोवरा आला नाही. आणि आला असता, तरी इथे सांभाळून ठेवायला डबे कुठे आहेत? आपल्याकडे हा खेळ तुरळक आहे आणि त्यामागचं एक कारण आपल्या अंगात भिनलेलं आहे. १९९३च्या आणि २००६च्या स्फोटांनंतर मुंबईत लोकलने जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानात बेवारस वस्तूची सूचना बसली. पुण्यात १३ फेब्रुवारी २०१०ला कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत बेवारस पिशवीचाच घात झाला. अशा शहरात बाकाखाली डबा चिकटवणारा माणूस पोलीस चौकीत बसेल, आणि मी पोलिसांनाच बरोबर म्हणेन. ही अडचण काही आपल्यापुरती नाही. २०११ साली यॉर्कशरच्या वेदरबी गावात असाच एक डबा संशयास्पद ठरला आणि बॉम्बशोधक पथकाने तो उडवून दिला.

म्हणूनच या खेळाचा इतिहास मला हळूहळू उभ्या राहणाऱ्या टपाल खात्याचा इतिहास वाटतो. सुरुवातीला मोकळं रान, मग एकेक अनुभवाने एकेक नियम. डबा पुरायचा नाही. खाण्याची वस्तू ठेवायची नाही, जनावरं फोडतात. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर हवं. जमीन ज्याची त्याची परवानगी हवी. डब्यावर तो कशाचा आहे ते लिहिलेलं हवं. नवा डबा स्थानिक स्वयंसेवक तपासतो, मगच तो यादीत येतो. अल्मरची बादली आज पाठवली तर तपासनीस पहिल्या फेरीतच परत करील : पुरलेली आहे आणि आत डबाबंद खाणं आहे. त्या बादलीच्या जागी २००३ पासून स्मारकाची पाटी आहे. दाण्यांचा तो डबा पुढे सापडला आणि आता तोही क्रमांक घेऊन मेळाव्यांतून मिरवतो.

मेळाव्यांचंही तसंच. मार्च २००१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला पहिला मेळावा झाला. एरवी फक्त वहीतल्या सहीने ओळखणारी माणसं तिथे समोरासमोर आली. पाचशेच्या वर माणसं जमली की त्याला मेगा म्हणतात, पाच हजारांच्या वर गेली की गिगा. पहिला गिगा ऑगस्ट २०१४ मध्ये म्युनिकच्या ऑलिम्पिक पार्कात भरला. अशा ठिकाणी बगांची टेबलं मांडतात. कुणी ऑस्ट्रेलियाला परतणार असेल तर तो तिकडे जायची इच्छा असलेली खेळणी वेचून घेतो. नातवाने त्या टेबलांचे फोटो दाखवले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमची छाननीची टेबलं आली. गाड्या लागायच्या आधीची तीच लगबग.

आकाशातही डाक गेली आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये संगणकीय खेळ तयार करणारे रिचर्ड गॅरियट स्वखर्चाने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले आणि तिथल्या एका कपाटाला त्यांनी या खेळातला डबा म्हणून नोंदवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरही एक क्रमांक आहे, अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या काचेसाठी वापरतात त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर कोरलेला. गाडीने पाठवलेल्या छायाचित्रातून तो वाचून लोकांनी नोंदी केल्या. नातवाला हा कळस वाटतो. मला त्यात मजा कमी वाटते. मंगळावरून ती वस्तू कुणी पुढे नेणार नाही. जर्मनीतल्या आजीबाईंनी भोवरा फिरवला, ते टपाल.

अलीकडे ट्रेकिंग करणारी काही पोरं विचारायला येतात की इथून एखादा असा उपक्रम चालवायचा, परदेशातल्या खेळाडूंना जोडून घ्यायचं, तर कसं करावं. मी त्यांना सॉर्टरचा सल्ला देतो. शहरात डबे ठेवू नका. गडावरही पुरातत्त्व खातं किंवा वन खातं, ज्याची जागा त्याची लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत डब्यात ठेवा. वही पावसाळ्यात टिकेल अशी हवी. सह्याद्रीतला पाऊस डेव्हनच्या पावसासारखा नाही. ज्या वस्तूवर जीव आहे ती पाठवू नका. पट्ट्या विकत घेणं परवडत नसेल तर पोलंडमधल्या खेळाडूंनी काढलेली जिओक्रेटीची फुकट पद्धत आहे, कागदी चिठ्ठी छापून लावायची. आणि वस्तूवर “कोकण” असं एकदम लिहू नका. आम्ही थैलीच्या लेबलावर पत्र घेणाऱ्याचं घर कधी लिहिलं नाही, थैली जिथे उघडायची ते ठिकाण लिहिलं. नातवाच्या भोवऱ्यावर “दक्षिणेकडे, पुढच्या देशापर्यंत” एवढंच असतं, तर स्कॉटलंडला निघालेल्या माणसाने तो उचललाच नसता. समोरच्या माणसाला जमेल एवढंच काम त्याच्या हातात द्यायचं. तेवढं तो करतो, बिनपगारी करतो. चॅगफर्डच्या वाटाड्याने ते पावणेदोनशे वर्षांपूर्वीच करवून घेतलं होतं.