रुपयांचा कप आणि मागे मारलेला चेंडू

मंडळी, या वीकेंडला थोडं रग्बीबद्दल. आपल्याकडे रग्बी म्हटलं की लोकांना फार तर अभिनेता राहुल बोस आठवतो (तो भारताकडून रग्बी खेळलाय), नाहीतर पावसाळ्यात आझाद मैदानाच्या बाजूने जाताना बॉम्बे जिमखान्यावर चिखलात लोळणारी धिप्पाड माणसं. मला हा खेळ कामामुळे कळला. टीममध्ये दोन न्यूझीलंडवाले आणि एक स्कॉटिश असला की मोठ्या सामन्यानंतरच्या सोमवारी मीटिंगची पहिली दहा मिनिटं रेफरीच्या नावाने खडे फोडण्यात जातात. कोण जिंकलं हे नंतर. आधी रेफरी.

ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ही मंडळी दोन वेगळी भांडणं एकाच टोपल्यात टाकतात. पहिलं भांडण : मैदानावर नक्की काय घडलं? दुसरं : जे घडलं त्याला नियम काय म्हणतो, आणि तो अर्थ लावायचा अधिकार कुणाचा? पहिल्याला कॅमेरा लागतो. दुसऱ्याला कितीही कॅमेरे लावा, उपयोग शून्य. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. बग कुठे आहे यावर वाद होत नाही, "हा बग आहे की असंच अपेक्षित होतं" यावर होतो.

आणि मजा बघा, रग्बीची जी आंतरराष्ट्रीय संघटना आज नियम बनवते ती अशाच दुसऱ्या प्रकारच्या एका भांडणातून जन्माला आली. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात आपल्याच देशातून करायला हवी. १८७२च्या नाताळात कलकत्त्यात तिथल्या गोऱ्या साहेबांनी रग्बीचा एक सामना खेळला, आणि पुढच्या वर्षी क्लबही काढला. पण कलकत्त्याचं हवामान आणि हा खेळ यांचं काही जमेना. सभासद टेनिस नि पोलोकडे वळले. फुकट दारू बंद झाल्यावर गळती वाढली असंही सांगतात, ते अगदीच पटण्यासारखं आहे :-) क्लब बंद करताना बँकेत पैसे शिल्लक होते. ते चांदीच्या रुपयांत काढून, वितळवून, त्याचा एक सुरेख कप बनवला. नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती. १८७८ साली तो इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल युनियनला भेट दिला. हाच तो कलकत्ता कप. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी खेळतात. आपल्या रुपयांचा कप, आणि भांडतात हे दोघं!

भांडण मात्र कपाहून जुनं. २७ मार्च १८७१ला एडिंबरामध्ये या दोन देशांचा पहिला सामना झाला, तोच मुळी जगातला पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना. त्यातसुद्धा स्कॉटलंडच्या ट्रायवर इंग्लंडने आक्षेप घेतला होता. त्या दिवशीचे एक पंच होते आल्मंड नावाचे हेडमास्तर. त्यांनी नंतर लिहून ठेवलंय की पंचाला शंका असेल तर त्याने जी बाजू जास्त आरडाओरडा करते तिच्याविरुद्ध निकाल द्यावा, बहुधा चूक तिचीच असते. मास्तर माणूस, वर्गातला अनुभव दांडगा असणार.

आता १ मार्च १८८४. लंडनजवळ ब्लॅकहीथचं रेक्टरी फील्ड. इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड, रेफरी आयर्लंडचे जॉर्ज स्क्रिव्हन. त्या वेळची पद्धत थोडी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आजच्यासारखे ट्रायला पाच गुण वगैरे नव्हते. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की तुम्हाला गोलपोस्टवर किक मारायचा 'प्रयत्न' करायला मिळायचा, म्हणून त्याचं नाव ट्राय. किक बरोबर गेली की गोल. सामना गोलांवर ठरायचा, गोल सारखे झाले तरच ट्राय मोजायचे. आणि दोन्ही संघांचा एकेक पंच, वर रेफरी. कुणी दाद मागितली तर हे तिघं बघणार.

स्कॉटलंडकडे एक ट्राय होता, गोल नव्हता. मग एका स्कॉटिश खेळाडूने चेंडू हाताने मागे मारला. तो इंग्लंडच्या हाती लागला, आणि किंडर्सले नावाच्या खेळाडूने रेषेपलीकडे जाऊन टेकवला. स्कॉटिश म्हणाले, थांबा! चेंडू असा हाताने मारणं नियमबाह्य आहे, खेळ तिथेच थांबायला हवा होता. इंग्लिश म्हणाले, मागे मारायला काही हरकत नाही, आणि असलीच तर चूक तुमची आहे, आमची नाही. स्वतः गुन्हा करायचा आणि त्याचाच फायदा मागायचा, हे कुठलं शहाणपण? बराच वेळ हुज्जत झाली. अखेर तो ट्राय धरला गेला, बोल्टनने किक मारून त्याचा गोल केला, आणि इंग्लंड एक गोल विरुद्ध एक ट्राय असं जिंकलं. तो ट्राय नसता तर स्कॉटलंड जिंकलं असतं. म्हणजे अख्खा सामना आणि कप त्या एका निर्णयावर.

लक्षात घ्या, काय घडलं याबद्दल दोघांचं एकमत होतं. चेंडूला हात लागला, स्कॉटिशाचाच लागला, मागेच गेला. आज दहा कोनांतून रिप्ले दाखवला असता तरी कुणाचंही मत बदललं नसतं.

इंग्लंडचा मुद्दा मला व्यक्तिशः पटतो. ज्याने चूक केली त्याला तिचा फायदा मिळू नये हे न्यायाचंच आहे. आज रग्बीत 'ॲडव्हान्टेज' म्हणतात तो हाच विचार : समोरच्याने नियम मोडला आणि त्यातून तुमचंच भलं होत असेल तर रेफरी शिट्टी वाजवत नाही, खेळ चालू ठेवतो. पण स्कॉटलंडचं म्हणणंही टाकाऊ नव्हतं. दाद मागायचा हक्क नियमाने फक्त एका बाजूलाच दिलाय असं लिहिलंय कुठे? एकच स्पेसिफिकेशन वाचून दोन टीमनी दोन वेगळे प्रोग्राम लिहिले, आणि इंटिग्रेशनच्या दिवशी दोन्ही आपापल्या परीने बरोबर! ज्यांनी हे भोगलंय ते हसतील. किंवा रडतील.

मग पत्रापत्री सुरू झाली. स्कॉटलंडचं म्हणणं, हा वाद त्रयस्थाकडे देऊ. इंग्लंडचं उत्तर थोडक्यात असं : नियम आमच्या युनियनने केलेत, त्यांचा अर्थ आम्हीच लावणार. आपल्या गल्लीत ज्याची बॅट त्याचे नियम असतात ना, तसं. वन टिप आउट आहे की नाही, कंपाउंडबाहेर गेला तर आउट की सिक्स, हे बॅटवाला ठरवणार. आणि फारच ताणलं तर तो बॅट घेऊन घरी जाणार. इथे उलटं झालं. बाकीचेच घरी गेले, बॅटवाला एकटा उरला.

१८८५ साली इंग्लंड-स्कॉटलंड सामना झालाच नाही. १८८६ मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स डब्लिनमध्ये जमले आणि आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झालं. स्कॉटलंडने तडजोड सुचवली, की १८८४चा तो सामना आम्ही तुम्हाला देऊन टाकतो, पण तुम्ही या मंडळात या. इंग्लंडला ते सगळ्यांना सारख्या जागा हे मान्य नव्हतं. आमच्याकडे क्लब सर्वांत जास्त, मग मत सारखं का? (हा प्रश्न आपल्या हाउसिंग सोसायटीत मोठ्या फ्लॅटवाले विचारतात तोच.) मग तिघांनी ठरवलं, इंग्लंड येत नाही तोवर त्यांच्याशी खेळायचं नाही. १८८८ आणि १८८९ या दोन मोसमांत इंग्लंड इतर तिघांपैकी कुणाशीही खेळलं नाही. कप कपाटात.

याच बहिष्काराच्या काळातला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या वेळी न्यूझीलंडहून बहुतांश माओरी खेळाडूंचा एक संघ ब्रिटनमध्ये आला होता. त्यांनी या दौऱ्यात शंभराहून जास्त सामने खेळले, विश्वास बसत नाही. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांची गाठ इंग्लंडशी पडली, मैदान पुन्हा तेच ब्लॅकहीथचं. रेफरी कोण? इंग्लंडच्या युनियनचे सेक्रेटरी जॉर्ज रोलंड हिल! सामन्यात इंग्लंडच्या स्टॉडर्टची चड्डी फाटली. हा तोच अँड्र्यू स्टॉडर्ट, जो क्रिकेटमध्येही इंग्लंडचा कप्तान होता. आता भर मैदानात माणसाची अब्रू जाऊ नये म्हणून पाहुणे खेळ थांबला असं समजून त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले. तेवढ्यात एव्हरशेड नावाच्या इंग्लिश खेळाडूने चेंडू उचलला आणि थेट गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवला. रेफरीने ट्राय दिला. पाहुण्यांचे काही खेळाडू संतापून मैदान सोडून गेले, आणि नंतर माफी कुणी मागायची? तर पाहुण्यांनी! नियमाचा अर्थ लावणारा, अंमलबजावणी करणारा आणि ज्याचा फायदा झाला तो, सगळे एकाच घरातले असले की काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण स्कॉटलंडलाही सापडलं नसतं.

शेवटी १८९० मध्ये प्रकरण लवादाकडे गेलं. लवाद दोघांचा : स्कॉटलंडचे वरिष्ठ न्यायाधीश लॉर्ड किंग्जबरो, आणि मेजर मॅरिंडिन. हे मेजर साहेब फुटबॉलचे, म्हणजे आपल्या नेहमीच्या फुटबॉलचे, तिथल्या असोसिएशनचे अध्यक्ष. रग्बीचं भांडण सोडवायला फुटबॉलवाला! ठरलं असं की आंतरराष्ट्रीय सामने मंडळाच्याच नियमांनी होतील, इंग्लंड मंडळात येईल, आणि बारा जागांपैकी सहा इंग्लंडला, बाकी तिघांना दोन-दोन. म्हणजे तत्त्व स्कॉटलंडचं राहिलं आणि खुर्च्या इंग्लंडला मिळाल्या. तडजोड म्हणून उत्तम, कारण दोन्हीकडच्यांना घरी जाऊन आपणच जिंकलो असं सांगता आलं. इंग्लंडच्या जागा १९११ मध्ये चारवर आणि १९४८ मध्ये दोनवर आल्या. तेव्हा कुठे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांना आत घेतलं. २०१४ पासून याच मंडळाचं नाव वर्ल्ड रग्बी.

पहिल्या प्रकारच्या भांडणाचा राजा म्हणजे १६ डिसेंबर १९०५चा कार्डिफचा सामना. न्यूझीलंडने त्या दौऱ्यात ३५ पैकी ३४ सामने जिंकले, आणि एकच हरले तो हा, वेल्सविरुद्ध ३-०. बॉब डीन्सने चेंडू रेषेवर टेकवला की अलीकडे, यावर शंभर वर्षं वाद चालला. स्कॉटिश रेफरी जॉन डॅलस साध्या कपड्यांत होता आणि तोवर मागे राहिला होता, असा न्यूझीलंडवाल्यांचा ठपका. डीन्सने वर्तमानपत्राला तार करून सांगितलं, ट्राय झाला होता. बिचारा १९०८ मध्ये वारला, वय अवघं चोवीस. पण हा वाद आज पाच सेकंदांत मिटला असता. एक चांगला कॅमेरा बस्स.

१८८४चा वाद मात्र कॅमेऱ्याने मिटत नाही, हे २०१५ आणि २०२३ने दाखवून दिलं.

२०१५च्या वर्ल्ड कपच्या उपांत्यपूर्व फेरीत ट्विकनहॅमवर स्कॉटलंड शेवटच्या क्षणांत ऑस्ट्रेलियाच्या पुढे होतं, ३४-३२. रेफरी क्रेग जूबेर यांनी ऑफसाइडसाठी ऑस्ट्रेलियाला पेनल्टी दिली, फोलीने ती मारली, ३५-३४. मधे चेंडूला ऑस्ट्रेलियन खेळाडूचा हात लागला होता, त्यामुळे पेनल्टी नव्हे, फक्त स्क्रम द्यायला हवा होता. वर्ल्ड रग्बीने दुसऱ्याच दिवशी हे जाहीर मान्य केलं. व्हिडिओ होता, व्हिडिओ बघणारा अधिकारीही होता, पण अशा निर्णयासाठी त्याला विचारायची नियमात सोयच नव्हती. स्कॉटलंडने ज्या संघटनेसाठी १८८४ नंतर सहा वर्षं भांडण केलं, तिनेच त्यांना लेखी कळवलं की तुम्ही बरोबर होता. निकाल अर्थातच बदलला नाही. आमचा स्कॉटिश सहकारी हे सांगताना अजून आवाज चढवतो.

२०२३ची फायनल याच्या बरोबर उलटी. २८ ऑक्टोबर, पॅरिस, दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. न्यूझीलंडच्या ॲरन स्मिथने ट्राय केला. व्हिडिओ बघणाऱ्या टॉम फोलीने मागे जाऊन दाखवलं, की लाइनआउटच्या वेळी चेंडू न्यूझीलंडच्या हातून पुढे निसटला होता. ट्राय रद्द. चेंडू खरंच निसटला होता, त्याबद्दल वाद नाही. पण नियमाप्रमाणे त्याला फक्त दोन टप्पे मागे जायची मुभा होती, आणि हे त्याच्याही आधीचं होतं. मग खरं ते धरायचं, की नियमाने जेवढं बघायची परवानगी दिली तेवढंच? आमचे दोन न्यूझीलंडवाले एकाच संघाचे, पण यावर आपसात भांडतात. एक म्हणतो चोरी पकडली गेली, कशी पकडली ते सोडा. दुसरा म्हणतो, मग नियम लिहिलेत कशाला. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने. दोन टप्प्यांची मर्यादा मूर्खपणाची असेल तर सामन्याआधी बदला, ट्राय झाल्यावर नको. (१८८४ मध्ये इंग्लंडची बाजू घेतली आणि इथे न्यूझीलंडची, म्हणून स्कॉटिश सहकारी माझ्याशी जरा जपूनच बोलतो.)

त्या फायनलचे मुख्य रेफरी वेन बार्न्स. २००७ मध्ये कार्डिफलाच फ्रान्सचा फॉरवर्ड पास त्यांच्या नजरेतून सुटला आणि न्यूझीलंड वर्ल्ड कपबाहेर गेलं, तेव्हापासून तिथल्या चाहत्यांनी त्यांना सोडलं नव्हतं. २०२३च्या फायनलनंतर त्यांच्या कुटुंबापर्यंत धमक्या पोचल्या. बार्न्स काही दिवसांतच निवृत्त झाले. फोलीनेही त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सामन्यांतून अंग काढून घेतलं, आणि कारण म्हणून हाच छळ सांगितला. १८८४ नंतर युनियन एकमेकांशी बोलत नव्हत्या, सामने बंद होते, पत्रांमध्ये शब्द जहाल होते. पण त्या सगळ्या भांडणात युनियन समोरासमोर होत्या. आयरिश रेफरी स्क्रिव्हन साहेब बाजूलाच राहिले.