जबलपूरचा सांधा

आज मी जबलपूरहून बोलतोय. माझं घर इथलंच, त्यामुळे यात कौतुकाचं काही नाही. पण विषय असा आहे की तो या गावातूनच सांगावा लागतो. गेले काही महिने मला एकच प्रश्न विचारला जातोय : "आमच्या ऑफिसात एआय सहायक घेतलाय, त्याला आमची कागदपत्रं आणि कामाची साधनं जोडायची आहेत, तर कोणता एमसीपी सर्व्हर घ्यावा?" या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मी तुम्हाला जबलपूर स्टेशनवर नेणार आहे. कंटाळू नका, परत येणार आहोत.

मार्च १८७०. मुंबईहून निघालेला रूळ थळ घाट चढून, भुसावळ, खांडवा, इटारसी करत जबलपूरला पोचला. हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ, म्हणजे आपल्या बोरीबंदरवाल्या जीआयपीचा. दुसऱ्या बाजूने ईस्ट इंडियन रेल्वे कलकत्त्याहून अलाहाबादपर्यंत आली होती आणि तिचा फाटा १८६७ सालीच सतना, कटनीवरून जबलपूरला येऊन थांबला होता. तीन वर्षं तो रूळ इथे वाट बघत होता म्हणा ना. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो समारंभाला आले, आणि मुंबई ते कलकत्ता ही दोन टोकं पहिल्यांदा रेल्वेने जोडली गेली. जोडणारं गाव जबलपूर.

जाता जाता एक गंमत. ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' या कादंबरीत फिलियस फॉग १८७२ साली मुंबईहून कलकत्त्याला निघतो आणि मध्येच कळतं की अलाहाबादच्या अलीकडे रूळच नाहीत. मग हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात तोपर्यंत दोन वर्षं गाड्या इथून धावत होत्या. कादंबरीला हत्ती हवा होता, म्हणून आमचा सांधा गेला!

आता मुद्द्याचं. या दोन कंपन्या होत्या. दोघींची संचालक मंडळं लंडनमध्ये, पण वेगवेगळी. इंजिनं वेगळी, नोकर वेगळे, हिशेब वेगळे. घड्याळंसुद्धा! मुंबईची वेळ आणि कलकत्त्याची वेळ यांत तासाभराहून थोडं जास्त अंतर होतं. रेल्वेसाठी पुढे मद्रासची, म्हणजे साधारण मधली, वेळ चालवली गेली. सगळ्या देशाची एक वेळ यायला १९०६ साल उजाडलं. इतकं सगळं वेगळं असूनही एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळावर जाऊ शकत होता. कशामुळे? दोन रुळांमधलं अंतर दोघींनी एकच ठेवलं होतं, साडेपाच फूट. बाकी कशावर एकमत नसलं तरी चालतं, एवढ्या एका गोष्टीवर लागतं.

आणि हेच लॉर्ड मेयो! ज्या वर्षी ते जबलपूरला आले त्याच वर्षी त्यांच्या सरकारने ठरवलं की यापुढे सरकारी पैशाने बांधायचे मार्ग स्वस्तात व्हावेत म्हणून मीटर गेजचे करायचे. १८७३ मध्ये दिल्ली ते रेवाडी हा त्यातला पहिला तुकडा सुरू झाला. तेव्हाचा हिशेब चूक होता असं मी म्हणणार नाही. तिजोरीत पैसे नव्हते आणि देशभर रूळ हवे होते. पण पुढची शंभर-सव्वाशे वर्षं आपण त्याची किंमत मोजली. ज्यांनी मनमाडला मोठ्या गाडीतून उतरून औरंगाबादची छोटी गाडी पकडली आहे, किंवा पुणे-मिरज मार्ग रुंद होण्याआधीचा काळ पाहिला आहे, त्यांना मी काय सांगणार? माणसं निदान पायाने चालत एका गाडीतून दुसरीत जातात. गहू जात नाही. देशभर एकच गेज करण्याचा कार्यक्रम रेल्वेने हाती घेतला तो १९९२ साली.

जबलपूरच्या नशिबी तर तिसरंच माप आलं. बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून नैनपूरमार्गे इथपर्यंत अडीच फुटी नॅरो गेज आणली. सातपुड्यातून येणारी ही छोटी गाडी हाउबाग स्टेशनात थांबायची आणि २०१५ पर्यंत चालू होती. माझे आजोबा याच गाडीने गोंदियाहून जबलपूरला आले आणि इथलेच झाले. त्याआधी ते गोंदियाला माल-शेडमध्ये कारकून होते. त्यांचं काम ट्रान्शिपमेंटचं. छोट्या वाघिणीतून पोती उतरवायची, हमालांच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत चढवायची, आणि आजोबांनी ती मोजायची. रात्री जेवताना ते सांगायचे की मोजणं सोपं असतं. भांडण होतं ते पोतं कमी भरल्यावर. ते कोणाच्या हद्दीत कमी झालं? बिल्टीवर शेवटची सही कोणाची? ज्याची सही, त्याच्या पगारातून. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते पुढे लागणार आहे.

तर आता आपल्या विषयावर. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आला आणि हळूहळू ऑफिसांतून बोलणारे सहायक दिसू लागले. हुशार, पण आपल्या ऑफिसाची काहीच माहिती नसलेले. आपली तिकिटं एका ठिकाणी, कागदपत्रं दुसरीकडे, कोड तिसरीकडे, गप्पा चौथीकडे. मग आपण काय करत होतो? इथून मजकूर उचल, तिथे चिकटव. उत्तर उचल, परत इकडे चिकटव. आजोबांचे हमाल आणि आपण, फरक एवढाच की आपण वातानुकूलित खोलीत बसतो.

यावर उपाय म्हणून प्रत्येक सहायक बनवणारा प्रत्येक साधनासाठी स्वतंत्र जोडणी लिहू लागला. पाच सहायक आणि चाळीस साधनं असली तर जोडण्या होतात दोनशे. सगळ्यांनी एकच माप मानलं तर पंचेचाळीस पुरतात. हे गणित संगणकवाल्यांना नवं नव्हतं. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्वी यांना बरोबर घेऊन लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला होता. तिथे प्रश्न असाच होता, फक्त एका बाजूला कोड लिहिण्याची संपादकं होती आणि दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅमिंगच्या भाषा. त्याच वाटेने नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला. हाच एमसीपी. साधनाच्या बाजूला एक सर्व्हर बसतो, तो आपल्याकडे कोणती कामं होतात त्यांची यादी सांगतो, सहायक त्यातलं एखादं मागवतो, सर्व्हर करून देतो. निरोप जेसन-आरपीसी नावाच्या जुन्या, साध्या पद्धतीने लिहिलेले. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयने हे माप स्वीकारलं, तसंच गूगल आणि मायक्रोसॉफ्टनेही. एकमेकींच्या स्पर्धक कंपन्या! पण जीआयपी आणि ईस्ट इंडियन तरी काय सख्ख्या बहिणी होत्या? डिसेंबर २०२५ मध्ये हा प्रोटोकॉल लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली गेला, म्हणजे माप एका कंपनीच्या घरचं राहिलं नाही. मेयोंच्या काळात एवढं सुचलं असतं तर!

आता सर्व्हरांची तुलना. मी महिनाभर काही सर्व्हर जोडून पाहिले. माझ्या मते त्यांच्या दोन जाती आहेत आणि लोक त्या एकाच तराजूत घालतात, तिथे गफलत होते.

पहिली जात फक्त वाचणारी, कागदपत्रं आणून देणारी. अपस्टॅश कंपनीचा कॉन्टेक्स्ट७ घ्या, किंवा मायक्रोसॉफ्टचा स्वतःच्या लर्न संकेतस्थळावरची कागदपत्रं देणारा सर्व्हर. हे जन्माला का आले? सहायकाचं शिक्षण एका तारखेला थांबलेलं असतं, आणि सॉफ्टवेअरची लायब्ररी तर दर महिन्याला बदलते. मग तो आत्मविश्वासाने गेल्या वर्षीची आज्ञा सांगतो. वाचणारा सर्व्हर आजचं पान समोर ठेवतो. कॉन्टेक्स्ट७ मुळात दोनच हत्यारांवर उभा राहिला : आधी लायब्ररीचं नाव पक्कं करणं, मग तिचं पान आणणं. त्यात पसारा मोठा, पण प्रकल्प कोणीही जोडू शकतो, म्हणून पारख आपली आपण करायची. मायक्रोसॉफ्टच्यात फक्त त्यांच्याच घरचं मिळतं, पण ते मूळ मालकाकडून आलेलं असतं. ज्याला विविधता हवी त्याने पहिला घ्यावा, ज्याचं सगळं काम एकाच घरचं आहे त्याने दुसरा. यात चुकलं तरी फार तर चुकीचं वाचलं जाईल.

दुसरी जात काम करणारी. गिटहबचा सर्व्हर, ॲटलासियनचा जिरा आणि कॉन्फ्लुएन्ससाठीचा सर्व्हर, नोशनचा सर्व्हर. हे नुसते वाचत नाहीत, लिहितात, बदलतात, बंद करतात. गिटहबच्या सर्व्हरकडे हत्यारं डझनांनी आहेत. यात एक अडचण असते, जी जाहिरातीत दिसत नाही : प्रत्येक हत्याराचं वर्णन सहायकाच्या ध्यानात जागा खातं. जास्त हत्यारं दिली की तो गोंधळतो. म्हणून गिटहबने हवे तेवढेच संच उघडण्याची आणि फक्त वाचनावर ठेवण्याचीही सोय दिली आहे. ती वापरा. ॲटलासियनचा सर्व्हर त्यांच्याकडेच चालतो, आपण लॉगिन करून परवानगी द्यायची, आणि तुम्हाला जे पान दिसत नाही ते सहायकालाही दिसत नाही. हे ऐकायला छान वाटतं. पण याचा अर्थ असाही होतो की तुम्ही जे करू शकता ते तो तुमच्या नावावर करू शकतो.

मी इथे पोळलो. आमचं ऑफिस छोटं, सात जणांचं. तिकिटांचं साधन कोणतं ते सांगत नाही, दोष त्याचा नव्हताच. मी सहायक जोडला, घाईत किल्ली वापरली ती सपोर्ट बघणाऱ्या मुलीच्या खात्याची, कारण तिच्याकडे सगळे अधिकार होते. तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "चालेल की दादा." मग एका संध्याकाळी मी सहायकाला म्हणालो, सारखी दिसणारी तिकिटं बंद कर. त्याने एकतीस बंद केली. त्यातली चार सारखी नव्हती. एक तिकीट गोंदियाच्या एका ग्राहकाचं, बिलं छापलीच जात नव्हती. ते आठ दिवस बंद पडून राहिलं. ग्राहकाचा फोन मालकांना गेला, मालकांनी नोंद उघडली, आणि नोंदीत नाव कोणाचं? तिचं. वेळ रात्री साडेआठची. ती तर सहाला घरी गेली होती.

मी तेव्हा सुट्टीवर होतो. परत आलो तेव्हा तिचा अर्धा पगार अडकला होता आणि तिने राजीनामा लिहून ठेवला होता. तिला वाटत होतं की आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल. मी मालकांसमोर जाऊन खरं सांगितलं. पगार सुटला. पण आठ दिवस ती काय भोगत होती ते मला परत करता आलं नाही. बिल्टीवर शेवटची सही तिची होती ना!

आणि ही फक्त माझ्या बेपर्वाईची गोष्ट. कोणी मुद्दाम केलं तर? मे २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या संस्थेच्या संशोधकांनी गिटहबच्या सर्व्हरबाबत दाखवून दिलं की सार्वजनिक प्रकल्पावर कोणीही लिहिलेल्या तक्रारीत सहायकासाठी छुपी सूचना घातली, तर तो मालकाच्या खासगी प्रकल्पातला मजकूर बाहेर आणून ठेवू शकतो. रूळ बरोबर होते, डबे बरोबर होते. पण सहायकाला पोत्यावर लिहिलेला मजकूर आणि स्टेशन मास्तरचा हुकूम यांतला फरक खात्रीने कळत नाही. गेज एक झाल्यावर माल पटकन पोचतो, आणि नको तो मालही तितक्याच पटकन.

म्हणून मला विचाराल तर वाचणारा सर्व्हर आज जोडा, खुशाल. काम करणारा जोडताना वेग आणि हत्यारांची संख्या शेवटी बघा. आधी हे बघा की तो स्वतःच्या वेगळ्या खात्याने येऊ शकतो का, केलेल्या कामाची नोंद कोणाच्या नावाने पडते, आणि लिहिण्याचे अधिकार बंद ठेवून तो चालतो का. या तीन प्रश्नांना उत्तर नसेल तर तो कितीही नामांकित असो, माझ्या ऑफिसात येणार नाही.

आम्ही आता सहायकाला स्वतंत्र खातं दिलं आहे. तो वाचतो, यादी बनवून देतो, बंद करण्याचं बटण माणूस दाबतो. गेल्या महिन्यात नवा सर्व्हर जोडायचा होता. ती मुलगी अजून आमच्याकडेच आहे. मी लॅपटॉप उघडला तशी ती खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, आधी नाव दाखवा, कोणाचं टाकताय."