आडनाव कागदावर आले कसे

तानसा धरणाचे पाणी १८९२मध्ये मुंबईला पोचले. त्या काळी धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर नांदणारा आपला खापरपणजोबा सरकारी दप्तरात आडनावाने शोधायला गेलात, तर बहुधा हाती काही लागत नाही. माणूस तिथे असतो, आडनाव नसते. शहापूर-मुरबाडकडच्या घराण्यांची कुळी शोधताना पहिली ठेच इथेच लागते आणि बरेच जण इथूनच माघारी फिरतात.

जुन्या नोंदीचा साचा साधा असे. ‘रामा बिन धर्मा, ठाकूर.’ बाई असेल तर ‘गंगी कोम रामा’. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. कुळाचे नाव सोयरीक जुळवताना लागे. वहीला बाप किंवा नवरा, जात आणि गाव एवढे पुरत असे.

अशा नोंदींचे मोठे घर म्हणजे कोतवाल बुक, कागदोपत्री गाव नमुना क्रमांक १४. गावात कोण जन्मले, कोण कशाने दगावले, ते त्यात लिहिले जाई. ताप, पटकी, देवी अशी मरणाची कारणे एकाखाली एक दिसतात. अक्षर बहुधा मोडी. ओळ न तोडता धावणारे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळणारे. त्यामुळे एकच नाव दोन वाचक दोन तऱ्हांनी लावू शकतात. वाचक जाणता हवा.

दुसरी वाट जमिनीची. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३मध्ये आला. पुढे जमीन ज्याच्या नावावरून ज्याच्या नावावर गेली, ते फेरफारात उतरत गेले. वारसाचा एक फेरफार मिळाला, की मयत बाप, त्याचे मुलगे आणि कधी विधवाही एकाच ओळीत भेटतात. १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनानंतर कूळकायद्याने कसणाऱ्यांना मालकी दिली, तेव्हा दुसऱ्याची जमीन कसणारी कितीतरी घरे पहिल्यांदा मालक म्हणून दप्तरात आली. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले असतील, तर आधी तो मेळ लावून घ्यावा.

तिसरी वाट शाळेच्या जनरल रजिस्टरची. दाखल करताना आडनावाचा रकाना भरावाच लागे. मग कुणाचे कूळ लिहिले गेले, तर कुणाची जातच आडनाव होऊन बसली. अशा रीतीने सख्ख्या चुलत भावांची आडनावे वेगळी झालेली आढळतात.

म्हणून आडनावावरून जात ठरवणे धोक्याचे. कातकऱ्यांत जाधव, पवार आहेत. ठाकरांत पारधी आहेत. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५०पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आज्याकडे ना सातबारा होता, ना शाळेचा दाखला, त्या कातकऱ्याच्या पोराने तो आणायचा कुठून? कामाच्या मागे गाव बदलणाऱ्या या माणसांच्या नोंदी गावोगाव विखुरल्या आहेत.

२०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी राज्यभर मोडी दप्तरे उघडली गेली. इच्छा असली की धूळ खाणारी बाडे वाचता येतात, हे तेव्हा दिसले. तेच बळ पाड्यांच्या वाट्याला यायला हवे. कोतवाल बुकांचे देवनागरी वाचन करून ते ग्रामपंचायतीत ठेवले, तर नोंद शोधायला मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालावे लागणार नाहीत.

शोधणाऱ्याने सुरुवात मात्र घरातल्या म्हाताऱ्यांपासून करावी. आज्याच्या बापाचे नाव, आजीचे माहेर, सोडलेला पाडा, कसलेले शेत हे आधी वहीत उतरवून घ्यावे आणि मगच दप्तरात शिरावे. बापाचे नाव आणि गाव जुळले, की आडनावावाचूनही पूर्वज सापडतो. ही माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांना आजच विचारावे. कागद पुढच्या वर्षीही वाचता येईल.