यंत्रविश्वातील लघुकथा : 'एलिट' या खेळाच्या कथापुस्तिकांचा इतिहास

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथाकडे पाहतो. ग्रंथाबरोबर विकल्या गेलेल्या वस्तूंकडे पाहत नाही, आणि वस्तूबरोबर विकल्या गेलेल्या ग्रंथाकडे तर मुळीच पाहत नाही. अशाच एका उपेक्षित ग्रंथजातीचा परामर्श घेण्याचा येथे विचार आहे. व्हिडिओ गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय खेळांपैकी काहींनी अंतराळ, परग्रह आणि दूरचा भविष्यकाळ यांचे एक विश्व उभे केले. आणि त्या विश्वात घडणाऱ्या कथांची पुस्तके गेली चाळीस वर्षे प्रसिद्ध होत आली आहेत. जाहिरातीचे साहित्य म्हणून त्यांची बोळवण करणे सोपे आहे, आणि त्यांतील पुष्कळ लेखन तेवढ्याच योग्यतेचे आहे, हेही प्रारंभीच मान्य केले पाहिजे. परंतु या पुस्तकांनी एक जुना प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आणला आहे. दुसऱ्याने आखून दिलेल्या विश्वात लिहिणाऱ्या लेखकाला 'हे माझे' असे काही म्हणता येते काय?

मुक्तेश्वरांनी किंवा मोरोपंतांनी भारतातील आख्याने मराठीत रचली तेव्हा हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. त्यांचे पात्र, प्रसंग आणि स्थळ सारे आधीचेच होते. तरी कविता त्यांचीच होती. पण महाभारताच्या विश्वाला मालक नव्हता. आपण ज्या विश्वाविषयी बोलणार आहो त्याला मालक आहे, त्याची नोंदणीकृत मुद्रा आहे, आणि त्यात कथा लिहावयाची तर अनुज्ञापत्र लागते. हा भेद ध्यानात ठेवूनच पुढील इतिहास वाचावयास हवा.

त्या इतिहासाचा आरंभ इंग्लंडमध्ये १९८४ साली झाला. केंब्रिज विद्यापीठातील डेव्हिड ब्रॅबेन आणि इयान बेल या दोन विद्यार्थ्यांनी 'एलिट' नावाचा खेळ रचला, आणि तो त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये एकॉर्नसॉफ्ट या संस्थेने 'बीबीसी मायक्रो' या संगणकासाठी प्रसिद्ध केला. या संगणकाची स्मृती ३२ किलोबाइट होती, आणि पडद्यावरील चित्राची सोय करून उरलेल्या जागेत सारा खेळ बसवावयाचा होता. एवढ्या कोंडवाड्यात या दोघांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २,०४८ ग्रह, मावविले. हे कसे साधले? त्यांनी ग्रह साठवून ठेवले नाहीत. ग्रह उत्पन्न करण्याची रीत तेवढी साठविली. एका बीजसंख्येपासून फिबोनाची श्रेणीसारख्या क्रमाने आकडे निघत, त्या आकड्यांवरून ग्रहाचे स्थान, त्याचे नाव, तेथील राज्यपद्धती आणि बाजारभाव ठरत. बीज तेच असल्यामुळे दर वेळी तेच विश्व उगवे. खेळाडूने 'कोब्रा' जातीचे एक यान आणि शंभर नाण्यांचे भांडवल घेऊन लाव्ह नावाच्या ग्रहापासून निघावे, व्यापार करावा, चाचेगिरी करावी अथवा चाच्यांना मारावे, आणि 'निरुपद्रवी' या पायरीपासून 'एलिट' या पदवीपर्यंत चढत जावे, असा खेळाचा क्रम होता.

या खेळाला कथानक मात्र नव्हते. नायकाला चेहरा नव्हता, पूर्वायुष्य नव्हते आणि ठरलेला शेवटही नव्हता. ग्रहांची वर्णने यंत्राने शब्द जुळवून तयार केलेली असल्यामुळे त्यांत कधी कधी खाण्याजोग्या कवींसारख्या विलक्षण गोष्टींचा उल्लेख येई. तो वाचून हसू येत असे, पण त्यातून जग उभे राहत नसे. ही उणीव भरून काढण्याचे काम खोक्यातील कागदाकडे आले. यान चालविण्याच्या मार्गदर्शिकेबरोबर 'द डार्क व्हील' नावाची एक कादंबरिका खेळाच्या खोक्यातच घालण्यात आली. तिचे लेखक रॉबर्ट होल्डस्टॉक (१९४८–२००९) हे होत. याच होल्डस्टॉक यांची 'मिथॅगो वुड' ही कादंबरी त्याच १९८४ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे अद्भुतकथेच्या क्षेत्रात मानाची ठरली. म्हणजे खेळाच्या खोक्यात सापडलेला हा लेखक कोणी वाट चुकलेला जाहिरातलेखक नव्हता.

'द डार्क व्हील'ची कथा साधी आहे. अ‍ॅलेक्स रायडर या तरुणाच्या डोळ्यांदेखत त्याच्या पित्याचे यान नष्ट केले जाते, आणि मारेकऱ्याचा माग काढता काढता तो स्वतः अंतराळातील व्यापारी व लढवय्या बनतो. सूडकथेचा हा साचा फार जुना आहे. पण या कादंबरिकेचे खरे कार्य कथानकात नव्हते. पडद्यावर ज्या वस्तू पांढऱ्या रेषांच्या पोकळ आकृत्या होत्या, त्यांना तिने वजन दिले. स्थानकाच्या फिरत्या मुखात यान शिरविताना हाताला येणारा कंप आणि अपरिचित यान समोर आल्यावर वाटणारी भीती तिने वाचकाला आधीच अनुभवू दिली. खेळाडू प्रथम कथा वाची आणि मग त्या रेषांकडे पाही. आणि कथेने दिलेली दृष्टी त्या रेषांत उरलेले रंग भरी. त्या कादंबरिकेचा निव्वळ मजकूरसुद्धा ३२ किलोबाइटांत मावला नसता. कथा कागदावर गेली ती यंत्रात तिला जागा नव्हती म्हणून, ही गोष्ट या ग्रंथजातीच्या उत्पत्तीची किल्लीच होय.

दुसरा टप्पा १९९३ सालचा. त्या वर्षी ब्रॅबेन यांनी 'फ्रंटियर : एलिट टू' हा पुढील खेळ सिद्ध केला. विश्व आता अफाट वाढले होते. आपली सूर्यमाला त्यात होती, ग्रह प्रत्यक्ष कक्षांतून फिरत होते, याने न्यूटनच्या नियमांप्रमाणे चालत होती. आणि तरीही सारा खेळ एका चकतीवर बसत होता. पृथ्वीकडील संघराज्य आणि गुलामगिरीला कायद्याची मान्यता देणारे साम्राज्य या दोन सत्तांतील ताण हे या विश्वाचे नवे वैशिष्ट्य होते. या खेळाबरोबर कादंबरिका आली नाही; लघुकथांचा संग्रह आला. 'स्टोरीज ऑफ लाइफ ऑन द फ्रंटियर' हे त्याचे नाव. १९९५ साली आलेल्या 'फ्रंटियर : फर्स्ट एन्काउंटर्स' या तिसऱ्या खेळाबरोबर 'फर्दर स्टोरीज' अशा शीर्षकाने दुसरा संग्रह निघाला.

कादंबरिकेकडून लघुकथेकडे झालेला हा बदल मला अर्थपूर्ण वाटतो. एका नायकाची सलग कथा सांगितली की विश्व त्या नायकाभोवती आकसते. खेळाडूला मात्र तेथे स्वतःला नायक व्हावयाचे असते. लघुकथासंग्रहात एक कथा एका व्यवसायाची, दुसरी एका ग्रहाची, तिसरी एका गुन्ह्याची असू शकते; कोणतीच कथा सारे विश्व आपल्या मालकीचे करीत नाही. संग्रहाच्या नावातील 'सरहद्दीवरील जीवन' हे शब्दही याच दिशेने बोट दाखवितात. पराक्रम खेळात करावा आणि जीवन कथेत पाहावे, अशी ती श्रमविभागणी होती. दुर्दैव एवढेच की, तिसरा खेळ अपुरा व दोषांनी भरलेला असताना बाजारात आला, त्याची अपकीर्ती झाली, आणि त्या अपकीर्तीत त्याच्या खोक्यातील कथांकडे कोणी फारसे पाहिले नाही. आश्रयदात्याचे घर बुडाले की आश्रित कवीची पोथीही बुडते; या ग्रंथजातीला तो शाप जन्मापासूनच आहे.

येथे तुलनेसाठी दुसऱ्या एका परंपरेकडे थोडक्यात पाहणे उपयुक्त होईल. 'हेलो' हा अमेरिकन खेळ नोव्हेंबर २००१ मध्ये आला. पण त्याच्या विश्वातील एरिक नायलंड यांची पहिली कादंबरी, 'द फॉल ऑफ रीच', खेळाच्या काही दिवस आधीच प्रसिद्ध झाली होती. या खेळाला नायक होता, युद्ध होते, ठरलेले कथानक होते. म्हणून २००९ सालच्या 'हेलो : इव्होल्यूशन्स' आणि २०१६ सालच्या 'हेलो : फ्रॅक्चर्स' या संग्रहांपुढील काम वेगळे होते. तेथे विश्व रिकामे नव्हते, तर नायकाने व्यापलेले होते. आणि कथाकारांनी त्या नायकाच्या सावलीत राहिलेल्यांकडे नजर वळविली. नायलंड यांनी प्रेस्टन कोल या नौसेनानीचे चरित्र गुप्तचर खात्याच्या दप्तरातील टिपणांच्या रूपाने मांडले. ब्रायन इव्हन्सन यांनी 'परायाह' या कथेत महासैनिक घडविण्याच्या प्रयोगात शरीर मोडून पडलेल्या सोरेन या मुलाची हकीकत सांगितली. विजयाच्या महाकथेत ज्याला जागा नव्हती असे हे पात्र. पण २०२२ साली 'हेलो'वर चित्रमालिका निघाली तेव्हा सोरेन तीत एक प्रमुख व्यक्ती होऊन आला. मूळ कथेच्या काठावर लिहिलेले उपाख्यान पुढे मुख्य प्रवाहात शिरते, हा क्रम भारतीय वाचकाला नवखा वाटू नये.

'एलिट'कडे परत वळू. १९९५ नंतर जवळजवळ दोन दशके या मालिकेत नवा खेळ आला नाही. या काळात विश्व जिवंत ठेवले ते खेळाडूंनी. 'ऊलाइट' नावाने मूळ खेळाची एक विनामूल्य प्रतिकृती तयार झाली, आणि तिच्याभोवती हौशी लेखकांच्या कथा लिहिल्या जाऊ लागल्या. ड्र्यू वॅगर हे त्यांपैकी एक. नोव्हेंबर २०१२ मध्ये ब्रॅबेन यांनी नव्या खेळासाठी लोकवर्गणीचे आवाहन केले, आणि सुमारे १५ लाख ७८ हजार पौंड जमले. वर्गणीच्या मोठ्या रकमेच्या बदल्यात या विश्वात अधिकृत पुस्तक लिहिण्याचा हक्क देऊ करण्यात आला होता. लेखकाने प्रकाशकाकडून मानधन घ्यावे हा जगाचा रिवाज. येथे लेखकांनी लिहिण्याच्या परवानगीसाठी पदरचे, आणि पुष्कळदा वाचकांकडून वर्गणी गोळा करून, पैसे मोजले. डिसेंबर २०१४ मध्ये 'एलिट : डेंजरस' हा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या आगेमागे वॅगर यांची 'रेक्लमेशन', केट रसेल यांची 'मोस्टली हार्मलेस', अ‍ॅलन स्ट्राउड यांची 'लाव्ह रेव्होल्यूशन' अशा कादंबऱ्या आल्या, आणि 'टेल्स फ्रॉम द फ्रंटियर' हा अनेक लेखकांचा लघुकथासंग्रहही आला.

संग्रहाच्या नावाने १९९३ सालच्या पुस्तिकेची आठवण ठेवली आहे. पण दोहोंतील अंतर मोठे आहे. पहिला संग्रह निर्मात्याने खेळाडूला दिलेला होता. दुसरा संग्रह या विश्वावर लोभ असणाऱ्यांनी, निर्मात्याच्या अनुज्ञेने, परस्परांसाठी लिहिला. खोक्यातील पुस्तिका आता पुस्तकाच्या दुकानात स्वतःच्या पायांवर उभी होती. या बदलाची बरीवाईट दोन्ही फळे दिसतात. अशा हौशी लेखनात यानांच्या जाती आणि शस्त्रांची नावे यांचा सोस अनेकदा पात्रांच्या मनापेक्षा अधिक असतो. आणि वाचकाला सारे ठाऊकच आहे असे गृहीत धरल्यामुळे बाहेरचा वाचक उंबऱ्यावरच अडखळतो. परंतु ज्या विश्वात कोट्यवधी तारे यंत्राने जन्माला घातले, तेथे एखाद्या ताऱ्याला घर म्हणणारा माणूस यंत्राला निर्माण करता येत नाही. तो कोणाला तरी लिहावाच लागतो, ही जाणीव या लेखनाच्या मुळाशी आहे.

या जाणिवेची कसोटी पाहणारा प्रसंग २९ एप्रिल २०१७ रोजी घडला. वॅगर यांच्या कादंबरीतील सलोमे ही नायिका त्या दिवशी खेळाच्या विश्वात प्रत्यक्ष प्रवासास निघाली. तिला वाचवावयास निघालेले आणि मारावयास टपलेले असे दोन्ही पक्षांचे असंख्य खेळाडू जमले. ती जगेल की मरेल हे लेखकाने ठरविलेले नव्हते. ती मारली गेली; आणि त्याच वर्षी आलेल्या 'प्रेमनिशन' या कादंबरीचा शेवट त्या मृत्यूप्रमाणे लिहिला गेला. लेखकाने आपल्या पात्राचा प्राण वाचकांच्या हाती द्यावा, आणि मग वाचकांनी दिलेला निकाल शिरोधार्य मानून लिहावयास बसावे, असा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासात सहसा आढळत नाही. त्यात लेखकाची शरणागती पाहावी की धैर्य, याविषयी मतभेद होऊ शकेल. माझ्या मते ते धैर्य होते. कारण निकाल दुसऱ्यांचा असला तरी त्या निकालाला अर्थ देण्याची जबाबदारी लेखकाने टाळली नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. या कथांचे विश्व लेखकांचे नाही, हे खरे. पण त्या विश्वात कथेने निर्माण केलेली वस्तू कोणाची? 'द डार्क व्हील'मध्ये रॅक्स्ला नावाच्या एका दंतकथेतील ग्रहाचा उल्लेख आहे. तेथे अन्य विश्वांचे द्वार आहे, अशी वदंता पात्रांच्या तोंडी येते. १९८४ च्या खेळातील २,०४८ ग्रहांत या नावाचा ग्रह नव्हता. बीजसंख्येतून तो उगवला नव्हता. तो होल्डस्टॉक यांच्या लेखणीतून आला. तरीही खेळाडूंनी तो शोधला, पुढील खेळांतही शोधला. आणि अखेर २०१८ साली 'एलिट : डेंजरस'च्या अंतर्गत ज्ञानकोशात रॅक्स्लाची नोंद झाली. ती नोंदही ग्रहाचा ठावठिकाणा सांगत नाही. यंत्राने निर्माण केलेले ग्रह खेळाडू गाठू शकतात, पण पिढ्यान्‌पिढ्या ज्याची ओढ लागून राहिली तो ग्रह कागदावरच्या एका कथेने निर्माण केला. स्वामित्वाचा हक्क कायद्याने ज्याचा असेल त्याचा असो. ही ओढ लेखकाची आहे.

या पुस्तिकांच्या संरक्षणाची गोष्ट मात्र चिंतेची आहे. खोकी फाटतात, चकत्या निकामी होतात, आणि खोक्यातील पातळ पुस्तिका तर सर्वांत आधी केरात जाते. कारण ग्रंथालय तिला खेळणे समजते आणि खेळण्यांचा संग्राहक तिला केवळ कागद समजतो. आपल्याकडील तमाशाच्या वगांच्या चोपड्या आणि नाटकांबरोबर विकली जाणारी पदांची पुस्तके याच दुहेरी उपेक्षेने नाहीशी झाली, आणि त्यांचे मोल आपल्याला उशिरा कळले. त्या चुकीची पुनरावृत्ती होऊ नये, आणि वस्तूबरोबर आलेल्या ग्रंथालाही ग्रंथ म्हणून एकदा उघडून पाहिले जावे, एवढीच या लेखनामागील अपेक्षा आहे.