डाव्या चाकाची गाडी आणि एक आकडा

बडोद्यात जुनी परदेशी गाडी दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "राजवाड्यातली का हो?" त्यात चूक काही नाही. प्रतापसिंहरावांनी इंग्लंडात शर्यतीचं शिंगरू २८,००० गिनींना घेतलं, त्याचं नाव आजोबांवरून 'सयाजीराव' ठेवलं आणि त्याने १९४७ ची सेंट लेजर जिंकली. असं ऐकत मोठे झालेले आपण. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा भरला, तेव्हापासून तर प्रत्येक गंजक्या बॉनेटखाली लोकांना राजमुद्रा दिसते.

मी आज सांगणार आहे ती गाडी राजवाड्यातली नाही. लहरीपुरा दरवाजातून आत शिरून मांडवीच्या दिशेने गेलं की एक बोळ लागतो, त्यातल्या एका वाड्याच्या चौकात ती ताडपत्रीखाली उभी होती. वाडा पाडायचा ठरला होता. घरच्या काकूंनी फोन केला, "अहो, तुम्ही इतिहासवाले ना? आमच्या ह्यांची गाडी आहे. भंगारवाला पाहून गेलाय. त्याआधी तुम्ही एकदा बघा."

खरं सांगतो, मी नुसता अभ्यासक म्हणून गेलो नव्हतो. निवृत्तीचे थोडे पैसे हाताशी होते आणि एक तरी जुनी स्पोर्ट्स कार आपल्या दारात असावी ही हौस चाळीस वर्षांची.

ताडपत्री काढली आणि खाली निघाली फोक्सवॅगन कारमान घिया, १९६३ ची. आकार इटलीतल्या तुरीनच्या घियाने आखलेला, बॉडी जर्मनीत ओस्नाब्रुकच्या कारमानने बांधलेली, आणि मागे इंजिन साध्या बीटलचंच : ११९२ सीसी, ३४ अश्वशक्ती, हवेवर थंड होणारं. दिसायला स्पोर्ट्स कार, पोटात बीटल. आणि स्टीअरिंग डावीकडे.

इथे थोडं थांबू. डाव्या चाकाच्या गाड्या आपल्याकडे मुळातच कमी. संस्थानिकांच्या रोल्स आणि बेंटली विलायतेतून येत, तिथलं चाक उजवीकडेच. अमेरिकन गाड्यांची जुळणी १९२८ पासून जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला करत असे, त्याही आपल्या रस्त्याला साजेशा. १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला, आयातीवर बंधनं आली आणि बाजारात अँबॅसेडर-फियाट एवढंच उरलं. मग डाव्या चाकाची गाडी यायची कुठून? मुख्य वाटा तीन. एक, वकिलातीतले अधिकारी बदलून जाताना मागे राहिलेल्या गाड्या. दुसरी, गोवा. पोर्तुगालने १९२८ मध्ये वाहतूक उजवीकडे नेली, पण गोवा शेजारच्या ब्रिटिश हद्दीप्रमाणे डावीकडेच राहिला. युरोपातून थेट आलेल्या काही गाड्यांची चाकं मात्र डावीकडे. आणि तिसरी, परदेशात राहून कायमचे परतणारे आपले लोक.

काकूंचे यजमान तिसऱ्या वाटेचे. कलाभवनच्या परंपरेतले इंजिनिअर. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेली ही संस्था. दादासाहेब फाळके तिथेच शिकले, पुढे तिचं विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत रूपांतर झालं. तिथून जर्मनीत कामाला गेलेला हा तरुण १९६७ मध्ये परतला तो ही गाडी बोटीने घेऊन. लोकांनी नावं ठेवली. "त्या पैशात अलकापुरीत प्लॉट आला असता," असं सासूबाई मरेपर्यंत म्हणत, हे काकूंनी हसत सांगितलं.

डाव्या चाकाची अडचण काय, हे त्यांनी मला कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगलं सांगितलं. "पुढे ट्रक असला की ह्यांना काही दिसायचंच नाही. मी उजवीकडे बसलेली. मीच डोकं बाहेर काढून 'जा' किंवा 'थांबा' म्हणायची." हात दाखवून वळण्याच्या काळात तर गाडीवानाचा हात पदपथाच्या बाजूला, मागच्याला दिसणार कसा? म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० मध्ये म्हटलंय की चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेचं इशारा-साधन असल्याशिवाय डाव्या चाकाची गाडी सार्वजनिक जागी चालवू नये. दिव्यांचंही तसंच : उजवीकडून चालणाऱ्या देशातला दिवा डिप केला तरी प्रकाश उजवीकडे थोडा वर फेकतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यात. घेणाऱ्याने काचा बदलायचं आधी बघावं.

आता मुद्द्याचं. आरसी बुकावरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळत नव्हता. मुंबईच्या एका दलालाने तेवढ्यावरून भाव भंगाराचा केला होता. कागद नाही म्हणजे गाडी नाही, हा त्याचा मुद्दा, आणि तो खोटा नव्हता. त्या भावात ती मलाही परवडत होती.

या गाडीचा नंबर मागच्या सीटखाली मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतो. आमच्या मिस्त्रीने रॉकेल आणि तारेच्या ब्रशने दोन तास घासलं. मग मी कागद ठेवून पेन्सिल प्रिंट घेतली. सात आकड्यांपैकी सहा जुळले. आरसी बुकात ८ होता, पत्र्यावर ३. चोरीची? जोडकाम? की कुणा लेखनिकाची घाई?

काकूंनी माळ्यावरची ट्रंक उघडली. लग्नाची पत्रिका, विम्याच्या पावत्या आणि तळाशी, वाळवीने एक कोपरा खाल्लेलं, १९६७ चं कस्टमचं बिल ऑफ एंट्री. चासी नंबर टाइप केलेला, स्वच्छ. तिथे ३ होता.

तो कागद हातात धरून मी जरा वेळ गप्प बसलो. गाडी आता पूर्ण होती, रीतसर शुल्क भरून आलेली. तिचा भाव भंगाराचा उरला नव्हता, माझ्या आवाक्यातलाही नव्हता. काकूंना आकड्यातलं काही कळलं नव्हतं. "काय झालं? बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

सांगितलं. सगळं सांगितलं, अंदाजे भावासकट.

त्यांनी विकायचंच रद्द केलं. वारसाने नाव लावण्यासाठी फॉर्म ३१ भरला, नंबर दुरुस्तीचा अर्ज बिल ऑफ एंट्रीच्या प्रतीसह दिला, गाडी नातीच्या नावावर होते आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा वेगळा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र तशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. रोज भाजी आणायला नाही.

बाहेरून मागवू म्हणणाऱ्यांसाठी एक ओळ : जुनी वापरलेली गाडी आणायची तर ती उजव्या चाकाची आणि ३ वर्षांच्या आतली हवी, सूट आहे ती व्हिंटेज गाड्यांना. आधी ती १९५० पूर्वीच्यांनाच होती, २०२५ पासून ५० वर्षांवरच्यांना मिळते. शुल्क मात्र जबर आहे.

गेल्या महिन्यात इंजिन सुरू झालं. चौकातल्या चौकात दोन हात पुढे, दोन हात मागे. नात डावीकडे चाकाशी, मी उजवीकडे. "आजोबा, पुढे काही आहे का?" तिने विचारलं. मी डोकं बाहेर काढून बघितलं.

मंडळींना विनंती एवढीच : वाडे पाडले जात आहेत. गाड्या कुणीतरी उचलून नेतंच. तुम्ही ट्रंका बघा.