निविदा बंद व्हायला ३६० तास

सोमवार, दुपारी ३. उरले ३६० तास.
महापालिकेच्या शाळांसाठी विद्यार्थी बाक पुरवण्याची निविदा महाटेंडर्स या निविदा-पोर्टलवर चढली. पेपरातल्या जाहिरातीत नुसतं कामाचं नाव आणि तारीख असते, बाकी सगळं पोर्टलवर. तिथेही ‘बाक’ म्हणून शोधलं तर काही हाती लागत नाही, ‘ड्युअल डेस्क’ असं इंग्रजीत टाकावं लागतं. हे कळायला आमचं एक वर्ष गेलं.

आमची फॅब्रिकेशनची शेड आहे. सात वर्षं आम्ही बाक बनवतोय, पण दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर. वेल्डिंग आमचं, बिल त्याचं. ही निविदा पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने भरायची होती. पात्रतेच्या अटी धाकट्या भावाने दोनदा वाचल्या. उलाढाल बसत होती, एका खासगी शाळेचं अनुभव प्रमाणपत्रही चालत होतं. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, देवापुढे उदबत्ती लावली.

पुढचा मंगळवार, सकाळी ११. उरले १७२ तास.
निविदापूर्व बैठक. आम्ही गेलो नाही. शेडमध्ये माल निघायचा होता, आणि बैठक म्हणजे चहा-बिस्किटं, असं मीच म्हणालो होतो. हे वाक्य मला अजून टोचतं. बैठकीत गेलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं की मुलं वर्षभर ज्या बाकावर उड्या मारणार, त्याला १८ गेजचा पाइप पुरेल का? प्रश्न रास्त होता. मी बाक बनवतो, तो मीच विचारायला हवा होता.

गुरुवार, संध्याकाळी ७. उरले ११६ तास.
शुद्धिपत्रक निघालं. पाइप १८ ऐवजी १६ गेज. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी कमी उंचीचा बाक वाढवला, म्हणून दरपत्रकाची फाइल, म्हणजे बीओक्यू, नवी. मुदतवाढ नाही. पोर्टलवर निविदा ‘फेवरेट’ करून ठेवली की शुद्धिपत्रकाची सूचना मेलवर येते, आणि ती आलीही. पण आमची नोंदणी ज्या एजंटाने करून दिली होती, त्याने मेल आणि मोबाइल स्वतःचा टाकलेला. सूचना त्याच्याकडे पडून राहिली. छोट्या कारखान्यांच्या बाबतीत हे सर्रास होतं. डिजिटल सही काढून देणारा माणूस घाईत आपलाच नंबर भरतो आणि आपणही ‘झालं ना काम’ म्हणून पैसे देऊन मोकळे होतो.

शुक्रवार, दुपारी ४. उरले ९५ तास.
नमुन्याचा बाक टेम्पोत घालून महापालिकेच्या भांडारात पोचवला. सनमायकाच्या कडा मी स्वतः घासल्या होत्या. वेल्डिंगच्या जागी हात फिरवला तर बोटाला खरखर लागत नव्हती. पावती घेतली. बाक १८ गेजचा होता.

सोमवार, संध्याकाळी ५. उरले २२ तास.
बयाणा रक्कम भरली. पोर्टलवरून निघालेल्या चलनावर जो खातेक्रमांक येतो तो त्या एका निविदेपुरताच असतो. रक्कम एका रुपयानेही कमी-जास्त चालत नाही, आणि बँकेतून ती पोर्टलवर दिसायला वेळ लागतो. भाऊ रात्री ११ पर्यंत पान रिफ्रेश करत बसला. दिसली.

कागद तयार, पैसे भरलेले, दर ठरलेला. त्या रात्रीच निविदा भरता आली असती. मी तसं म्हणालोही. अण्णांनी मान हलवली. “लवकर भरली की दर फुटतो.”

ही भीती त्यांनी उगाच धरलेली नाही. लाखेच्या पाकिटांचा काळ त्यांनी पाहिला आहे. पाकीट खिशात असताना ऑफिसच्या जिन्यात चार माणसांनी त्यांना अडवलं होतं. पेटीपर्यंत पोचू दिलं नाही. नंतर कळलं की त्यांचा आकडा आदल्या दिवशीच कुणाला तरी ठाऊक होता. त्यांना मी कसं सांगणार होतो, की आता दर कुलूपबंद होऊन जातो आणि उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल किल्ल्यांशिवाय वेळेआधी कुणालाही तो दिसत नाही? शिवाय एकदा भरलेली निविदा मुदत संपेपर्यंत कितीही वेळा बदलून पुन्हा भरता येते, फक्त मागे घेतली की परत भरता येत नाही. सांगायला हवं होतं. मी वाद टाळला.

मंगळवार, दुपारी २. उरला १ तास.
अण्णांच्या डिजिटल सहीचं टोकन लॅपटॉपला लावलं. तांत्रिक पाकीट चढू लागलं: जीएसटी, उलाढालीचा दाखला, काळ्या यादीत नसल्याचं शपथपत्र. एक पीडीएफ जड निघाली, ती पुन्हा स्कॅन केली.

२:४१.
आर्थिक पाकीट. बीओक्यू अपलोड केली तर पोर्टल ती घेईना. भावाला वाटलं, फाइलचं नाव बदललं असेल. ते चालत नाही, पण नाव तेच होतं.

२:४४.
“दादा, शुद्धिपत्रक आहे.” त्याचा आवाज एकदम खाली गेला. तीन ओळींची पीडीएफ, तारीख गेल्या गुरुवारची.

२:४६.
१८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर, १६ म्हणजे १.६. पाइपाचं वजन एक तृतीयांशाने वाढलं. पाइपवाल्याला फोन लावला, त्याने भाव सांगितला. भाऊ कॅल्क्युलेटरवर, मी जुन्या चलनाच्या पाठीवर. छोट्या बाकाला किती पाइप लागेल ते अण्णांनी डोळे मिटून फुटांत सांगितलं. नंतर मोजलं तर अर्ध्या इंचाचाही फरक नव्हता.

२:५४.
दर ठरला. नव्या फाइलमध्ये मॅक्रो बंद होते, निळ्या चौकटीत आकडा टाकला तरी बेरीज येईना. मॅक्रो चालू केले.

२:५८.
फाइल चढली. सहीसाठी पिन मागितला. अण्णांची बोटं थरथरत होती, पहिला पिन चुकला.

२:५९.
दुसरा बरोबर आला. हिरवी खूण दिसली. भाऊ म्हणाला, “झालं!” झालं नव्हतं. पाकिटं चढली तरी ‘फ्रीझ बिड सबमिशन’ हे बटण दाबून निविदा क्रमांकासह पोच निघाल्याशिवाय निविदा भरली गेली असं धरत नाहीत. पान उघडायला लागलं. घड्याळ धरलं जातं ते पोर्टलच्या कोपऱ्यातलं, आपल्या भिंतीवरचं नाही. भिंतीवर २:५८ झाले होते.

दुपारी ३.
बटण आलं नाही. मुदत संपल्याची ओळ आली.

अण्णांनी टोकन काढलं, टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. कुणी कुणाला काही बोललं नाही.

संध्याकाळी ५.
मी टेम्पो घेऊन भांडारात गेलो. आमचा बाक इतर कंपन्यांच्या बाकांच्या रांगेत होता. शेजारच्या बाकांच्या पायांवर बोट आपटलं की जाड पाइपचा बसका आवाज यायचा.

भांडारपाल म्हणाले, “निविदा उघडल्याशिवाय नमुना परत देता येत नाही.”

“साहेब, आमची निविदाच नाहीये त्यात.”

त्यांनी पावती हातात घेतली, चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. “मग हा नमुना कशाचा लिहू?”