सपाट-शीर्ष एंजिने : वेगवर्धक जुन्या भागांची ओळख

ज्या अंतर्ज्वलन-एंजिनात अंतर्ग्रहण व निष्कास या दोन्ही झडपा सिलिंडराच्या बाजूला, ठोकळ्यातच बसविलेल्या असतात आणि वरचे शीर्ष केवळ झाकणाचे काम करते, त्यास सपाट-शीर्ष एंजिन म्हणतात. कारागिरांच्या बोलीत ते ‘साइड वॉल्व्ह’ आणि शीर्ष म्हणजे ‘हेड’. त्याची शक्ती वाढविण्यासाठी मूळ निर्मात्याव्यतिरिक्त इतरांनी बनविलेले शीर्ष, नळखंड, कॅम दंड इ. भाग आज दुर्मिळ झाले आहेत.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध एंजिन म्हणजे १९३२ चे फोर्ड व्ही-८. फोर्डच्या कॅनडातील कंपनीची भारतीय शाखा १९२६ मध्ये स्थापन झाली व मुंबईत मोटारगाड्यांची जुळणी होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या लष्करी मालमोटारींबरोबर सु. ३·९ लिटर क्षमतेची व्ही-८ एंजिने मोठ्या संख्येने आली. त्यामुळे येथे सापडणाऱ्या कित्येक भागांवर क्रमांकाआधी ‘सी’ हे अक्षर आढळते. ते कॅनडातील ओतकामाचे चिन्ह असून शर्यतीशी त्याचा काही संबंध नाही. विक्रेते मात्र त्याचाही भाव करतात.

ओळखीची पहिली पायरी म्हणजे शीर्ष बसविणाऱ्या खुंट्या मोजणे. १९३८ पर्यंतच्या मोठ्या व्ही-८ एंजिनात प्रत्येक शीर्षाला २१, त्यानंतर २४ आणि १९३७ पासूनच्या लहान, ६० अश्वशक्तीच्या एंजिनात १७ खुंट्या असतात. १९३६ पर्यंत पाण्याचे पंप शीर्षावर होते, १९३७ मध्ये ते ठोकळ्यावर गेले. म्हणून २१ खुंट्यांची सर्व शीर्षेही परस्परांच्या जागी चालत नाहीत.

ॲल्युमिनियमचे शीर्ष दिसले की ते शर्यतीचे, हा समज सर्वत्र आहे. वस्तुतः १९३३ पासून काही वर्षे फोर्डनेच अशी शीर्षे बसविली होती. ‘९७’ अंक असलेल्या स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटरचेही तसेच. १९३६ ते १९३८ या काळात तो कारखान्याचाच भाग होता. एकाच नळखंडावर असे दोन कार्ब्युरेटर असतील, तर मात्र तो नळखंड बारकाईने पाहावा. एडेलब्रॉक, ऑफेनहाउझर, नव्हारो, विनफील्ड इ. कॅलिफोर्नियातील निर्मात्यांची नावे ओतकामातच उठावदार अक्षरांत असतात.

नाव असले म्हणून भाग अस्सल ठरत नाही. अस्सल भागाचाच साचा करून नक्कल ओतली, तर थंड होताना ॲल्युमिनियम सु. १·३ टक्के आकसते. खुंट्यांची छिद्रे नंतर योग्य जागी पाडता येतात, अक्षरे सरकविता येत नाहीत, ३० सेंमी. लांबीच्या नाममुद्रेत जवळजवळ ४ मिमी. घट येते व अक्षरांच्या कडा बोथट होतात. माझ्या मते ही कसोटी विक्रेत्याच्या कोणत्याही हकिकतीहून विश्वसनीय आहे.

व्ही-८ चा मोठा दोष उष्णतेचा. निष्कास वायू ठोकळ्यातूनच बाहेर नेलेले असल्याने भोवतालचे पाणी तापते. भिवंडीवरून कसाऱ्याच्या घाटाकडे जाणाऱ्या मुंबई–आग्रा मार्गासारख्या चढणीवर, भार असताना, असे एंजिन उकळणे स्वाभाविकच होते. झोरा आर्कस-डन्टोव्ह व त्यांच्या बंधूंनी १९४७ च्या सुमारास काढलेली आर्डन शीर्षे मुळात मालमोटारींच्या याच अडचणीवर होती. त्यांत झडपा शीर्षात नेल्यामुळे एंजिन सपाट-शीर्ष राहत नाही. ती अतिशय थोडी बनली. शर्यतीच्या क्षेत्राने त्यांचा बोलबाला केला.

कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून जुळविलेल्या क्रायस्लर घराण्याच्या गाड्यांत सहा सिलिंडरांचे सपाट-शीर्ष एंजिन असे. त्याचे शीर्ष २३ वा २५ इंची. फीत लावून पाहावी. जीपमध्ये कार्ब्युरेटर शीर्षावर बसलेला असेल, तर ते अर्धेच सपाट-शीर्ष समजावे.

१९५०–६० च्या दशकात परदेशी जुळणी कंपन्या गेल्या, आयात आवळली गेली आणि १९७३ नंतर पेट्रोल महागल्यावर अनेक मोठ्या गाड्यांत डीझेल एंजिने बसली. काढलेली एंजिने भंगारात गेली. आता २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदविण्यासाठी तिच्या सांगाड्यात, कवचात वा एंजिनात भरीव फेरबदल झालेला नसावा लागतो. शीर्ष फोर्डचे की एडेलब्रॉकचे, हा प्रश्न त्यामुळे केवळ संग्राहकांचा राहिलेला नाही. तपासणी समितीपुढे जाण्यापूर्वी मालकाने खुंट्या मोजून, ओतक्रमांक टिपून व शीर्षाची जाडी मापून घ्यावी; कारण रंधून पातळ केलेले मूळ शीर्षही दाब वाढविते आणि वरून ते मुळीच ओळखू येत नाही.